द्द

आमच्या फॉन्टची सातवी आवृत्ती रविवारी निघायची होती.
फुकट वाटायचा फॉन्ट. कुणीही घ्यावा, कुणीही दुरुस्त करावा,
अट एकच: कुणी काय केलं ते लिहून ठेवायचं.
ही अट मीच लिहिलेली.

मैनोद्दीनचाचा उदगिरात, चौबाऱ्याजवळच्या प्रेसमध्ये
अडतीस वर्षं खिळे जुळवत होते.
मशीन भंगारात गेलं, खिळे किलोवर गेले,
तरी ते येऊन बसायचे माझ्या खुर्चीमागं, स्टुलावर,
सुपारी कातरत,
उलटी अक्षरं वाचायच्या सवयीनं मान तिरकी करून.

"हे काय करलालास?
आचार्यातला र डोक्यावर बसतो.
सोयऱ्यातला र शेजारून हात धरून चालतो.
तू दोघांनाबी एकच टोपी घातलास की."

मी दुरुस्त केलं.
मग ळच्या पोटातली पोकळी. मग ष्ट्रचा पाय.
मग ॲचा चंद्र: "जरा खाली आण, अक्षराला भेटू दे त्याला."
असे एक्केचाळीस बदल.
प्रत्येकापुढं तारीख, वेळ आणि माझं नाव,
कारण कीबोर्डवर बोट माझं होतं.

कोणती ओळ कुणाची, हे शोधायची एक आज्ञा असते.
तिचं नाव ब्लेम.
श्रेय शोधायचं तरी दोषाच्याच दारातून जावं लागतं.
त्या रात्री मी ती चालवली
आणि पडदाभर, वरपासून खालपर्यंत
मीच. मीच. मीच.
पंचनाम्यात एकाच आरोपीचं नाव यावं तसं.

कोचीची लीना म्हणाली, झालेला इतिहास खोडू नकोस,
पुढच्या बदलात एक ओळ जोड: सहलेखक, नाव, ईमेल.
ईमेल!
चाचांकडं बटणांचा फोन, त्यात सात नंबर,
त्यातले दोन दवाखान्याचे.

"चाचा, तुमचं नाव घालू का?"
कातर थांबली.
"पत्रिकेत एक नाव सुटलं तर
पाहुणा मांडवातून उपाशी उठतो, मी बघितलंय.
किलबिलीतलं शेंबडं पोर बापाला विचारतं, माझं कुठंय?
खाली बारीक अक्षरात 'मुद्रक' असायचं.
ते नाव शेटचं. तेबी मीच जुळवायचो."
मग सुपारीचं खांड गालात सारून:
"घाल की. पण सगळ्यात खाली नको.
कागद कापताना शेवटची ओळ जाती."

आता कागद नाही, कापणं नाही,
तरी मी ते मधोमध घातलं,
नांदेडच्या एका विद्यार्थिनीच्या खाली,
लाइपझिगच्या कुणा तरी माणसाच्या वर.
आणि पडद्यावर उमटलं:
मैनोद्‌दीन.
नावाच्या मध्येच द लंगडा, खाली काठी टेकलेला,
दी त्याच्यापासून हातभर लांब उभा.

सहा आवृत्त्या वाटल्या आम्ही.
नवा फॉन्ट हातात आला की माणूस
आधी स्वतःचं नाव टाईप करून बघतो.
चाचांनीही पहिल्याच दिवशी
माझ्याकडून ते उमटवून घेतलं होतं, आता आठवतंय.
काही बोलले नव्हते.
सोयऱ्यातला र सांगितला होता.

रविवारी आवृत्ती निघाली नाही.
जुन्या पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर चाचांनी पेन्सिलीनं
एक द काढला, त्याच्या कुशीत दुसरा,
लेकरू कडेवर घ्यावं तसा.
खोडला. पुन्हा काढला. "हां, आता पडत नाही."

मी तो पडद्यावर गिरवून घेतला,
आणि खुर्चीवरून उठलो, स्टुलावर बसलो.
खात्याचं नाव त्यांचं. ईमेल काल उघडलं,
पासवर्ड त्यांनी मला सांगितला नाही.
बेचाळिसावा बदल. काय केलं ते एका ओळीत लिहायचंय.
एक बोट कळांवरून फिरतंय,
केसमधले खण चाचपावेत तसं,
आणि मागं न बघता ते मला विचारतायत,
"द्दचा खण कुठाय रे?"